पाचवं पान

बाबा,

तुमची तपकिरी फाइल आज कपाटातून काढली. सोमवारी माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे आणि त्याला लागणारे जुने कागद त्याच फाइलमध्ये आहेत. कागद काढून फाइल परत ठेवायला दहा मिनिटं पुरली असती. आता दोन तास झाले, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरच आहे. आई दोनदा येऊन बघून गेली. मराठीत लिहितेय, कारण मी इंग्रजीत काही विचारलं की तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. दर रविवारी तुम्ही माझ्याकडून एक पान मराठी लिहून घ्यायचात, ते फुकट गेलं नाही एवढं यावरून समजा.

मी आठवीत होते. विज्ञानाच्या त्या हायस्कूलमध्ये परीक्षा देऊनच प्रवेश मिळायचा आणि मला दोन गुण कमी पडले होते. पालकांना तीन आठवड्यांत लेखी अपील करता यायचं. तुम्ही ऑफिसमधून आलात, निकालाचा कागद वाचलात आणि म्हणालात, "रडगाणं गायचं नाही. काय घडलं तेवढंच लिहायचं." जेवताना मी सहज सांगितलं होतं की परीक्षेत माझ्या बाकावर छतातून पाणी ठिबकायला लागलं, म्हणून बाईंनी मला मधेच उठवून मागे बसवलं. तुम्ही तेवढंच धरलंत. कितवी रांग? किती पावलं? पेपर कोणी उचलला? घड्याळ कुठे होतं?

"दाराच्या वर."

"दिसत होतं?"

"आधी दिसत होतं. नंतर खांब आड आला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या खोलीचं ड्रॉइंग काढलंत. स्केल, मापांच्या रेषा, माझे दोन बाक, त्यांच्यामधली तुटक रेघ, आणि तुमच्या ऑफिसातल्या पंपहाऊसच्या नकाशांवर असायची तशी कोपऱ्यातली चौकट: काढलं, तपासलं. तेराव्या वर्षी मला त्याची लाज वाटली. मी इंग्रजीत म्हणाले की ही शाळा आहे, पंपहाऊस नाही. ते मात्र तुम्हाला ऐकू आलं. "पंपहाऊस असतं तरी असंच काढलं असतं," म्हणालात आणि पेन्सिलीला टोक करत बसलात.

माझ्याकडे दुसरा रस्ता होता आणि तो मला सरळ वाटत होता. त्या परीक्षेत गुण वयाप्रमाणे ठरायचे, महिन्यांचाही हिशेब धरून. निकालावर माझं वय तेरा वर्षं सात महिने छापलं होतं. शाळेतल्या कौन्सेलरकडे गुणांचं कोष्टक होतं, ते मी मागून पाहिलं. त्याच उत्तरांना तेरा वर्षं तीन महिन्यांच्या मुलीला तीन गुण जास्त मिळत होते. आणि माझं खरं वय तेरा वर्षं तीन महिनेच होतं. मी कोजागिरीची. पण नागपूरला पहिलीत घालताना वय चार महिने कमी पडत होतं, म्हणून आजोबांच्या ओळखीच्या मास्तरांनी शाळेच्या दाखल्यावर एक जून टाकली. त्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला आणि पासपोर्टवरून इथले सगळे कागद. शाळेत माझा वाढदिवस जूनमध्ये आणि घरी आटीव दुधासोबत. कितीतरी वर्षं मला वाटायचं, सगळ्यांनाच दोन असतात.

समोरच्या बिल्डिंगमधले काका त्या शनिवारी चहाला आले होते. त्यांनीच विषय काढला. "अहो, वयाचं लिहा की! आपल्याकडे निम्मा देश एक जूनला जन्मलाय. मास्तर लोकांनी एकाच दिवशी केवढी बाळंतपणं केली!"

"हळू बोला," आई म्हणाली. "इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत."

तुम्ही हसला नाहीत. "पुढच्या महिन्यात आमचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. अर्जात विचारलंय, कधी खोटी माहिती दिली आहे का. मी 'नाही' लिहिलंय."

"शाळेची फाइल कोण बघतंय, यार? त्यांचं ऑफिस वेगळं, हे वेगळं."

"इथे कागद एकमेकांशी बोलतात," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "प्रसूतिगृहाचा तो दाखला या घराबाहेर जाणार नाही. समजलं?" मी मान हलवली. दाखला आईच्या ट्रंकेत, बिस्किटांच्या डब्यात होता. त्यावर खरी तारीख होती, इंग्रजीत, शिक्क्यासकट.

अपील मी टाइप केलं. तीन पानं मजकूर आणि चौथं तुमचं ड्रॉइंग. त्या सोमवारी सकाळी तुम्ही कोट चढवून, गाडीची किल्ली हातात घेऊन उभे आहात. मी पाकीट पुढे करते. तुमचा नियम होता: ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही. त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला होता.

"तपासलंस?"

"हो."

"पानं?"

"चार."

तुम्ही पाकीट उघडलं नाहीत. जीभ लावून बंद केलंत आणि घेऊन गेलात. आत पाच पानं होती. दाखल्याची प्रत मी लायब्ररीतल्या मशीनवर काढली होती आणि मूळ कागद डब्यात परत ठेवला होता, घडीवर घडी जुळवून.

महिनाभरात उत्तर आलं. बाक बदलल्याचं बाईंनी मान्य केलं होतं, ड्रॉइंग बरोबर होतं, आणि परीक्षेचा तेवढा भाग मला पुन्हा देता येणार होता. मी तो दिला आणि जागा मिळाली. पण त्या पत्रात खाली आणखी दोन ओळी होत्या. जन्माच्या दाखल्याचा विचार करण्याची गरज पडली नाही. पाचही पानं विद्यार्थिनीच्या फाइलमध्ये ठेवली आहेत. तुम्ही दारातच उभ्याने वाचलंत, बूटही काढले नव्हते.

"किती पानं होती?"

"चार."

"त्यांनी पाच लिहिलीत," तुम्ही म्हणालात. त्यानंतर त्या विषयावर तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

इंटरव्ह्यू तुम्ही पत्र लिहून कॅन्सल केलात. आईला सांगितलंत, कामाचं प्रेशर आहे, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही दोघं सिटिझन झाला असतात तर मीही आपोआप झाले असते. मला सोमवारी जावं लागलं नसतं. त्यानंतर रोज घरी येताना तुम्ही आधी पत्रपेटीकडे जायचात. सरकारी असतं तसं खिडकीवालं पाकीट असलं की उजेडासमोर धरून बघायचात. एकदा संध्याकाळी कोटातला एक अनोळखी माणूस दार वाजवत होता. तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत. आपण तिघं पॅसेजमध्ये उभे, श्वास रोखून, आणि आत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तो माणूस दाराबाहेर थांबून राहिला. शेवटी दाराखालून एक रंगीत कागद आत सरकला. तो ज्ञानकोश विकत होता. आई हसायला लागली. तुमचा हात अजून भिंतीवर टेकलेला होता.

इमिग्रेशनचं पत्र कधीच आलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, गाडीवरचा बर्फ काढताना, तुम्ही पार्किंगमध्ये पडलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं असणार. असेल. मी आता टेस्ट इंजिनिअर आहे. अमुकमुळे तमुक झालं असं पुराव्याशिवाय लिहीत नाही, आणि इथे तो नाही. तसं झालं नाही, याचाही नाही.

आज फाइलमध्ये तुमच्या ड्रॉइंगची कार्बन प्रत सापडली. 'तपासलं'च्या चौकटीतही तुमचीच सही आहे. त्या प्रतीच्या मागे प्रसूतिगृहाचा मूळ दाखला होता. तो डब्यातून तिथे केव्हा आला, आईला माहीत नाही. माझ्या अर्जात जन्मतारखेसमोर मी एक जून टाइप केली आहे, आणि खोट्या माहितीच्या त्या प्रश्नासमोर 'नाही'. माझी शाळेतली फाइल अजून कुठेतरी असेल. सोमवारी न्यायची अर्जाची प्रत आईला तपासायला दिली. तिने पानं मोजली, पुन्हा मोजली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एवढीच ना?"

हा कागद मी कुठल्याच फाइलमध्ये ठेवणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की पाचवं पान मी जागा मिळावी म्हणून घातलं. तसं नाही, बाबा. तुमचं ड्रॉइंग कोणी गंभीरपणे बघेल, असं मला वाटलं नव्हतं.