फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

नगर,
१४ जानेवारी १९७२, संक्रांत

नाही दाजी, मध्ये बोलू नका. आधी मी बोलतो. 'तीर्थस्वरूप' आणि 'साष्टांग' शेवटी लिहीन, जागा उरली तर.

तुमचं कार्ड मिळालं. म्हणजे आधी ते आमच्या घरमालकीण छबूबाईंना मिळालं. त्यांनी ते जिन्यात उभ्याउभ्या वाचलं, वर आल्या, आणि माझ्या हातात द्यायच्या आधीच मला मजकूर सांगितला. माझ्या बहिणीला कातडीचा रोग आहे, तो आम्ही लग्नात लपवला, आणि शिवरात्र झाली की तुमची भावकी बसून तिला सोडायचं ठरवणार. बायकोबद्दल हे असं उघड्या कार्डावर लिहिणारा नवरा कोपरगाव तालुक्यातच निपजतो की बाहेरून आणवतात?

बैलगाडी आठवते का? गेल्या वर्षीचा हंगाम. आक्काला दवाखान्यात जायचं होतं. वेगळी गाडी कशाला, म्हणून तुम्ही तिला उसावरच बसवलंत. आणि कारखान्याच्या काट्यावर आपला नंबर आधी लागावा म्हणून शेजारच्याशी शर्यत लावलीत. तो पुढे गेला असता तर तुमचं नाक कापलं गेलं असतं. चाक पाटाच्या चारीत गेलं, गाडी उलटली. तुमचं नाक शाबूत राहिलं, आक्काचा उजवा हात गाडीखाली गेला.

हात बरा झाला. मग पावसाळ्याच्या तोंडाला त्याच हाताची दोन बोटं मुळ्यासारखी सुजली. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडले. कोपरांवर, गुडघ्यांवर चंदेरी खवले आले. दिवाळीला तुम्ही तिला माझ्याकडे सोडलंत. बाबा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझी ही एक खोली. त्यानंतर न्यायला यायचं तुम्ही विसरलात.

इथल्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, सोरायसिस, आणि त्यानंच धरलेले सांधे. चिकटत नाही. महारोग नाही. डांबराचं मलम दिलंय, गोळ्या दिल्यात. त्यांनी विचारलं, मार लागला होता का, मनाला मोठा धक्का बसला होता का. आक्का तोंड उघडायच्या आत मी बैलगाडी सांगून टाकली. ते म्हणाले, मारानं किंवा धसक्यानं हे दुखणं उठू शकतं.

तेव्हा बैठकीत सांगायचं ते आत्ताच पाठ करा. रोग आमच्या घरातून आलेला नाही. तुमच्या चाकाखालून आलाय.

तिळगूळ पाठवत नाही. तुम्ही गोड बोलाल अशी आशाही नाही. तुमचा लोभ किती आहे ते सगळ्या गल्लीनं वाचलंय, तो आणखी वाढवू नका.

जागा उरली म्हणून, साष्टांग.
मच्छिंद्र

*

कोपरगाव,
२२ जानेवारी ७२

राजमान्य राजश्री मच्छिंद्रराव बी. ए. यांस सूर्यभानचा रामराम वि. वि. इकडं समदी खुशाल हायेत. तुमची खुशाली तुमच्या भाषेवरनं कळली.

हे बी कार्डावरच लिहितोय, मुद्दाम. एकात मावलं न्हाई म्हनून दुसरं टाचलंय. आमच्यात झाकायला काय न्हाई. झाकायची सवय तुमाला. आमच्या लग्नात वैशाखाचं ऊन मी म्हनत हुतं, आन तुमी फुल बाह्यांचा सदरा मनगटापतुर बटनं लावून हिंडत हुता. आमच्या पोरांनी तवाच तुमचं नाव फुलबाह्या साहेब पाडलं. अजून तसंच म्हनत्यात.

आता माराचं. मार लागून खवले येत असते, तर तालमीतले समदे पैलवान आज माशागत दिसले असते. त्याच गाडीखाली आमचा ढवळ्या बी अडकला हुता. त्याचा खुबा सरकला, महिनाभर बसून हुता, त्याला काय सोरायसिस झाला न्हाई. का तुमचे डॉक्टर बैलं तपासत न्हाईत?

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती लई हसली. म्हनली, धसक्यानं मानूस रडतं, जेवत न्हाई, लई तर ताप येतो. धसक्यानं सांधे धरत असते, तर मी सासरा पोचवला, नवरा पोचवला, दोन दीर पोचवले, माझं एक हाड कुरकुरलं न्हाई. हे शिकलेल्यांचं थोतांड हाय.

चांगुणाच्या डोक्यात लग्नात बी कोंडा हुता. कानामागं पांढरं. आईनं तवाच बघितलं हुतं. मीच म्हनलो, असू दे.

राहात्याची एक मुलगी आईनं बघून ठेवलीय. मी अजून व्हय म्हनलो न्हाई. बैठक शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. तुमी येऊ नका. आलातच तर सदरा बदलून या.

लोभ ज्याच्यावर ठेवायचा त्याच्यावर ठेवून हाय.
सूर्यभान

*

नगर,
३ फेब्रुवारी ७२

दाजींना नमस्कार. तुम्हाला उघडं आवडतं, तर घ्या, हे कार्ड.

राहात्याचं स्थळ बघितलंत, अभिनंदन. मुलीच्या बापाला सांगितलंत का, की तुमच्या घरी बायकांना उसावर बसवून फिरवतात?

डॉक्टरांकडे परत गेलो. म्हटलं, मारानंच झालं एवढं कागदावर लिहून द्या. ते म्हणाले, इतक्या खात्रीनं लिहिता येणार नाही. पाच-सहा वर्षं शिकायचं, गळ्यात नळी अडकवायची, आणि तोंडात काय, तर 'कदाचित'. असा शब्द मी गोष्टीत लिहिला तर संपादक ती परत पाठवतात. पण त्यांनी लिहून न देता सुद्धा मी बैठकीला येणार. तोंडानं बोलेन. तुमच्या सगळ्या भावकीला पुरून उरेल एवढं तोंड मला आहे.

त्याआधी मर्द असाल तर स्वतः या, डॉक्टरांना समोरासमोर विचारा. आक्का इथंच आहे. विसरला असाल म्हणून कळवतोय.

प्रेसवर प्रुफं तुंबलीत, कार्ड तिच्याच हाती पोस्टात टाकायला देतो. लोभाचा रकाना कोरा सोडलाय.
मच्छिंद्र

*

कोपरगाव,
१० फेब्रुवारी ७२

मच्छिंद्रराव, तुमाला रामराम सुद्धा घालावा वाटत न्हाई.

मानसानं चेष्टा कशाची करावी? कार्डाचा कोपरा फाडलेला. नगरचा शिक्का. पोस्टमननं ते घरात सुद्धा आनलं न्हाई, वट्यावर ठेवलं आन टोपी काढून उभा ऱ्हायला. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हंजी मानूस गेल्याचं, हे तुमच्या कॉलेजात शिकवत न्हाईत का? असलं कार्ड कुनी वाचत बसत न्हाई, घरात ठेवत न्हाई. आईनं लांबनंच कोपरा बघितला, हंबरडा फोडला, कार्ड उचलून चुलीत घातलं. नगरला आमचं मानूस एकच. वाचायचं काय हुतं?

समद्या भावकीनं आंघोळी केल्या. राहात्याला बी सांगावा गेला. आईनं पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं, सवाष्ण गेली, मोकळ्या हातानं जाऊ नको म्हनली. मी हाय त्या धोतरावर एस्टीत बसलो. राहुरी येईपतुर शेजारचा मानूस मला तंबाखू देत हुता आन इचारत हुता, कोन गेलं. मी धोतराच्या सोग्यानं डोळं पुसत हुतो.

आन तुमी काय केलं? दारात मी उभा, आन तुमी खी खी हसत हुता.

इकडं आलो तर आई अंथरुनावर. त्या दिवसापासनं तिचे दोन्ही गुडघे सुजलेत. बोटं मिटत न्हाईत. वैद्य म्हनला, धसका बसला, धसक्यानं सांधे धरले. याला जबाबदार तुमी. बैठक पुढं ढकललीय, आईला बसवत न्हाई म्हनून.

लोभ तोडला असं समजावं.
सूर्यभान

*

नगर,
१४ फेब्रुवारी ७२

तीर्थस्वरूप, परमपूज्य, सत्यवादी दाजी यांच्या चरणी मच्छिंद्रचे साष्टांग नमस्कार!

या वेळी सगळी बिरुदं आधी लावली. तुम्ही कमावलीत. धसक्यानं सांधे धरतात, हे तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनिशी माझ्याकडे आलंय. जे डॉक्टरांनी लिहून दिलं नाही ते तुम्ही दिलंत. पैलवानांचं काय झालं? ढवळ्याचं काय झालं? की सुनेची हाडं वेगळ्या मातीची आणि सासूची वेगळ्या?

कोपरा मी फाडलेला नाही. पोस्टाच्या शिक्क्यात नाहीतर मशीनमध्ये फाटला असेल. पण ज्यानं फाडला त्याचा सत्कार करावा म्हणतो. जिवंत बायकोसाठी दिवाळीपासून तुम्हाला एस्टी मिळाली नाही. मेली म्हटल्यावर लगेच मिळाली. आणि तुम्ही एस्टीत बसायच्या आधी राहात्याला निरोप पोचला. घाटावर कोण आधी जाणार होतं, तुम्ही की वऱ्हाड?

मी यावर गोष्ट लिहायला घेतलीय. तुमचं नाव बदलीन, तोंड तेच ठेवीन. बैठक ठरली की कळवा, तुमचं पत्र घेऊन येतो आणि मोठ्यानं वाचतो. आपण जिंकलो, असं आक्काला सांगितलं. ती माझे सदरे धुवायला घेऊन गेली. तिला अजून नीट कळलं नसावं.

लोभ तोडलात, आता पुराव्याला धरून राहा.
मच्छिंद्र

*

नगर, माळीवाडा स्टँड,
१८ फेब्रुवारी ७२

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद. आणि त्यांना नमस्कार. त्यांचं नाव उखाण्यात घेतलं तेवढं पुरे.

दोघांना एकच मजकूर लिहितेय, बंद पाकिटात. माझं उघडं वाचून झालंय सगळ्यांचं. डाव्या हातानं लिहिलंय. अक्षराला हसायचं असेल तर हसा, तुम्हाला सवय आहे.

कोपरा मी फाडला. मच्छिंद्रानं कार्ड टाकायला दिलं, मी पेटीपाशी उभी राहिले. सुजलेल्या बोटांत एवढासा कागद धरवेना, म्हणून दातानं फाडला. ते असं चुलीत जाईल हे ध्यानात आलं नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं, की मेल्यावर तरी मला न्यायला कोण येतं.

तुम्ही आलात. दार मी उघडलं. वाटलं होतं हसाल, रडाल, निदान चौकट तरी धराल. तुम्ही विचारलं, मग कार्ड कुणी पाठवलं. मागून मच्छिंद्र हसायला लागला, इतका की छबूबाई जिना चढून आल्या. मग तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून भांडत बसलात, एस्टीची वेळ होईपर्यंत. मी चहा केला. चहा दोघांनीही घेतला. एस्टीत रडलात म्हणे. ते माझ्या भावाला कळवलंत, मला नाही.

मच्छिंद्रा, तुझे सदरे मी धुते. दोन्ही कोपरांपाशी आतून भुकटीसारखं पांढरं चिकटलेलं असतं, ते मी आधी झटकते, मग साबण लावते. बाबांच्या बंडीला पण तेच असायचं. तुझ्यावर कुठली गाडी उलटली? स्वतःचं लग्न जमेपर्यंत बाह्या खाली ओढायच्या आणि रोग चाकाखालून आला म्हणून लिहायचं. बी. ए. होऊन एवढंच आलं?

आणि तुम्ही. धसक्यानं काही होत नाही म्हणून मायलेक हसलात. आत्याबाईंचे गुडघे सुजले तेव्हा धसका लगेच पटला. बैठक ढकलली ती त्यांना बसवत नाही म्हणून. माझे गुडघे तर पावसाळ्यापासून बसू देत नाहीत, पण मला बैठकीला बोलावलंच नव्हतं, तेव्हा तो प्रश्न आला नाही.

डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले. ते म्हणाले, रोगाचं मूळ बरेचदा रक्तात असतं. मार लागला किंवा मोठं दुःख झालं की काहींच्या सांध्यात उतरतो असं दिसतं. काहींच्या काही न होता उतरतो. बाई, तुमच्यात कशानं उतरला हे छातीठोक सांगता यायचं नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. मच्छिंद्राला तो बिनकामाचा वाटला.

मग त्यांनी पुन्हा विचारलं, धक्का बसला होता का. या वेळी मच्छिंद्र शेजारी नव्हता, म्हणून मी सांगितलं. त्या दिवशी मी दवाखान्यात कशाला निघाले होते ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पाचवा महिना होता. गाडीखाली हात गेला, हात गेला, असं किती वेळा लिहिलंत. आणखी काय गेलं ते कुणाच्या कार्डात नाही. बैलाचा खुबा आहे.

मी तुमच्या घरी येत नाही आणि मच्छिंद्राच्या खोलीत राहत नाही. दवाखान्याच्या बाकावर राहीबाई म्हणून एक बाई भेटली. ती बालवाडी चालवते, गावाचं नाव लिहीत नाही. पोरांना गाणी शिकवायला बोटं मिटावी लागत नाहीत. गोळ्या बरोबर घेतल्यात. मलमाचा वास येतो हे तिला आधीच सांगितलंय. ती म्हणाली, पोरांना त्याहून वाईट वास येतात.

राहात्याच्या मुलीला कळवा, जागा मोकळी झाली. तेवढं तिला उसाच्या गाडीवर बसवू नका. मच्छिंद्रा, गोष्ट लिहिशील त्यात मी मेले असंच लिही. नाहीतर तुला पुढचं सुचायचं नाही.

मला नेसवायला आणलेलं हिरवं लुगडं तुम्ही भांडणात खुंटीवर विसरून गेलात. दिवाळीपासून तुमच्याकडून आलेलं पहिलं कापड. तेच नेसून निघालेय. काठ चांगला आहे, आत्याबाईंना सांगा.

लोभाचं तुम्ही दोघं आपसात बघून घ्या. पत्ता देत नाही. गाडी लागली.

चांगुणा