तू लाल मार्ग का घेतलास

२३ मार्च

प्रिय आइताताई,

तुझे गुडघे कसे आहेत? शेकतेस ना रोज? आईनं पाठवलेला अक्रोडाचा केक पोचला, पण उड्या मारणाऱ्या त्या हाफपाइपवाल्या पोरांनी बसमध्येच फस्त केला. क्रॉसवाला फ्लुरिन, एकदम चौघांनी उतरायच्या शर्यतीतला, हात गळ्यात बांधून हिंडतोय आणि वर ऐट बघ, "तिघं अंगावर पडले, तरी दुसरा आलोच ना!"

काल मोसमातली स्नोबोर्डची शेवटची स्लालम शर्यत झाली, खांबांना वळसे घालत उतरायची. मी पहिल्याच फेरीत बाहेर. जागतिक स्पर्धेतही तेच झालं होतं, तू टीव्हीवर पाहिलंसच. कुर्दिन सर म्हणाले, "पाय चालतात गं तुझे, मन कुठे असतं?"

मन जानेवारीतच अडकलंय, आपल्या गावच्या उतारावर. जागतिक स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती आणि शेजारशेजारच्या दोन मार्गांवर आपण दोघी. जिंकेल ती जाणार. पात्रता फेरीत तुझी वेळ चांगली, म्हणून मार्ग निवडायचा हक्क तुझा. लाल मार्गाला सकाळपासून खड्डे पडलेले, जो तो निळा घेत होता. तू लाल घेतलास. चौथ्या खांबाशी आडवी झालीस आणि हसत हसत टीव्हीवाल्यांना म्हणालीस, "बर्फ ओळखायला चुकले."

तू? आपल्या दारातला बर्फ?

तरी मी मनाला समजावत राहिले, चुकतं माणूस. परवा फोनवर आईच बोलून गेली, "तुझ्यासाठी पोरीनं आपलं शेवटचं वर्ष घालवलं, आणि तू तोंड पाडून बसतेस!"

आईवर चिडू नकोस. चिडलेय ती मी, तुझ्यावर. लहानपणापासून मला एकच वेड होतं गं, तुला एकदा तरी मागे टाकायचं. त्या दिवशी कदाचित जमलं असतं, कदाचित नसतं. आता कधीच कळणार नाही. तू बोर्ड खुंटीला टांगलास आणि गावात सगळे मला शाबासकी देतात, "बहिणीला हरवलंस हं!" लाज वाटते, ताई. रडू येतं.

कुर्दिन सरांनी विचारलं, पुढच्या वर्षी संघात राहशील ना. मी नाही म्हणाले. ते वेड्यात काढताहेत, काढू देत.

उद्या संध्याकाळी पोचते. जेवताना विषय निघेल, तेव्हा हसून टाळू नकोस. एकदा माझ्या तोंडावर म्हण, "हो, मुद्दाम केलं." मग मला तुझ्याशी धड भांडता तरी येईल.

तुला अजून एकदाही न हरवलेली,
मादलाइना