शिंगांचं विमान

बेला,
३० जुलै २०२५

चि. मयूरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि भांडता तर मुळीच येत नाही, म्हणून लिहिते. यशवंतदादाचं, म्हणजे तुझ्या आजोबांच्या नि माझ्या थोरल्या भावाचं नाव शाळेपुढच्या हुतात्म्यांच्या दगडावर घालायला सरपंच जीवननं नकार दिला. त्यो इंग्रजाच्या विमानात मेला, आमी त्याचं नाव काऊन घालावं, असं तोंडावर म्हणाला. एकवीस वर्षांचं पोर महायुद्धात बाँबफेकी विमानात मागं बंदूक धरून बसलं आणि ब्रह्मदेशात विमानासकट जळालं. हाडही घरी आलं नाही. जाताना मला म्हणाला होता, येताना तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल आणतो. मी पाच-सहा वर्षांची होते, अजून आठवतं.

दगड त्यांचा असेल, पोळा काही त्यांच्या बापाचा नाही. तुमच्या तेलंगणातल्या निर्मल गावच्या खेळणी करणाऱ्या कारागिराकडून चाकांचं लाकडी विमान करून घे आणि त्यावर दादाचं नाव ठळक लिहायला सांग. पोरं आपापले लाकडी बैल ओढतील, मी विमान ओढीन.

घरी सगळे खुशाल. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तुळजाआजी

हैदराबाद,
१६ ऑगस्ट

ती. तुळजाआजीस शि. सा. न.

विमान काल बसनं पाठवलं, पण एक घोळ झालाय. तान्ह्या पोळ्यासाठी हवंय, एवढं मी कारागिराला फोनवर बोलून गेले. त्यानं पंख, शेपूट झकास केलं आणि पोळ्याचं म्हणून पुढं दोन शिंगं बसवली, नाकात वेसणही घातली! शिंगांशिवाय पोळ्यात कोण उभं करील, असं वर मलाच विचारतो. आता वेळ नाही. शिंगं तिथल्या सुताराकडून कापून घे.

आजी, खरं सांगू? मला भीती वाटते. या वयात तू पोरांच्या रांगेत उभी राहशील, लोक हसतील आणि यशवंतआजोबांचं नाव चेष्टेवारी जाईल. त्यापेक्षा घरीच फोटोला हार घालू या का? रागावू नकोस, बीपीची गोळी चुकवू नकोस. लोभ आहेच, तो रागातही राहू दे.

तुझी,
मयूरी

बेला,
२४ ऑगस्ट

चि. मयूरीस अ. आ.

फोटोला हार घरचे घालतात. मला गाव हवं होतं. शिंगं कापली नाहीत, उलट त्यांना बेगड लावली.

काल तोरणाखाली पोरं हसली, मीही हसले. जीवन पुढं आला, हे इमान हाय, बैल नाही, बाजूला घ्या म्हणाला. मी शिंगं दाखवली, वेसण दाखवली. मग गाव हसलं, पण त्याला.

तिथून दारोदार बोजारा, बैलाची ओवाळणी, मागायला निघाले ती थेट त्याच्याच दारी. तान्ह्या पोळ्याचा बैल दारातून विन्मुख धाडायची आपल्याकडे कुणाची छाती आहे? त्याची आई ताट घेऊन आली. चाकांवर पाणी घातलं, शिंगांना कुंकू लावलं, आणि खाली लिहिलेलं दादाचं नाव मोठ्यानं वाचलं. मी तिथंच रडले, लाज वाटली नाही. जीवननं मान खाली घालून बोजारा ठेवला. दगड अजून तसाच आहे. पुढं गावातलं एक दार सोडलं नाही, प्रत्येक दारी दादाच्या नावाला कुंकू लागलं.

पुढच्या वर्षीही ओढीन. मी नसले तर तू ओढ. दगडावर नाव येईपर्यंत, आणि आलं तरीही.

दादानं बैल कबूल केला होता. उशिरा का होईना, आणला.

तुझ्या लोभाची भुकेली,
तुळजाआजी