लॉर्ड एक्झॅक्ट आणि बिनयमकाचा शब्द

ब्वा कॅनेल, त्रिनिदाद
राखेचा बुधवार

तीर्थस्वरूप टँटी युलाली हिला तिच्या सर्वांत थोरल्या (आणि म्हणून सर्वांत शहाण्या) भाच्याचा, कथबर्टचा, टोपी काढून नमस्कार. टोपी का काढावी लागली ते पुढे येईलच, घाई करू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? ब्रुकलिनच्या थंडीत तो दुखणारच. मी तेव्हाच म्हणालो होतो की मुलीकडे राहायला जायचं तर मे महिन्यात जा, पण माझं ऐकतं कोण? पेरूच्या वड्या पोस्टाने पाठवल्या आहेत, चोवीस. मोजून घे. तेवीस निघाल्या तर पोस्टातल्या माणसाचं नाव मला कळव. इथे सगळं ठीक आहे. छप्पर गळत नाही, कोंबड्या अंडी देतात आणि मी माझी मान ताठ ठेवून आहे. गावातून तुला कुणी वेगळं काही कळवलं असेल (मिस पॅस्कल तुला दर आठवड्याला फोन करते हे मला माहीत आहे), तर त्यावर विश्वास ठेवण्याआधी हे पत्र पूर्ण वाच.

तुला आठवत असेल, थिओ काकांनी जाण्याच्या आदल्या वर्षी मला उशापाशी बोलावून आपली राखाडी टोपी दिली आणि टोपीबरोबर आपलं गाण्यातलं नावही दिलं. लॉर्ड एक्झॅक्ट! म्हणाले, "कथबर्ट, नाव उसनं देतोय. यमकाच्या बाबतीत ज्या दिवशी तू चुकशील, त्या दिवशी टोपी खाली ठेवायची." टँटी, तेव्हापासून नऊ वर्षं मी टोपी खाली ठेवलेली नाही. सलग नऊ कार्निव्हल, उभ्या उभ्या कडवी रचायच्या स्पर्धेचे सलग नऊ मुकुट. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, रामकिसूनच्या दुकानातला तराजू पाव औंसाने खोटा होता तो कुणी पकडला होता? मीच. जो तराजूला सोडत नाही तो यमकाला काय सोडणार? शेवटचं अक्षर तंतोतंत जुळलं पाहिजे. जवळपास जुळणारं यमक म्हणजे जवळपास भरलेली बाटली, ग्राहकाची फसवणूक.

आता ह्या वर्षी माझ्यासमोर कोण उभं होतं? हायसिंथ. आपल्या गावाहून शहरात मॅक्सी टॅक्सी चालवते तीच, गावात लेडी गिअरबॉक्स म्हणतात तिला. गळा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण यमकं! गेल्या वर्षी तिने 'शुगर'ला 'बेटर' जुळवलं होतं आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ही बाई मुकुट घेऊन गेली तर काकांच्या नावाचं काय होणार, ह्या काळजीने मी डिसेंबरातच तयारीला लागलो.

फायनलचा आपल्या गावचा नियम तुला माहीतच आहे: दोघांनी एकमेकांना एकेक शब्द द्यायचा, समोरच्याने तो पहिल्या ओळीच्या शेवटी घ्यायचा आणि चार तारांची क्वात्रो वाजत असतानाच, उभ्या उभ्या, कडवं जुळवून गायचं. तर मला असा शब्द हवा होता ज्याला यमकच नाही. कार्निव्हलच्या तोंडावर मी सलग चार सोमवार शहरातल्या लायब्ररीत जाऊन बसलो. (जाताना हायसिंथच्याच मॅक्सीने जावं लागे, दुसरी सोय नाही. पुढच्या सीटवर बसतो ते गुडघ्यांसाठी. आपल्या घराण्यालाच गुडघ्यांचा त्रास.) तिथे यमकांचा एक कोश आहे, उशीएवढा जाड (एवढंच मी मॅक्सीत बोलून गेलो होतो, जास्त नाही). पहिले तीन सोमवार मी एकेक शब्द घेऊन त्याची झडती घेतली. कुठे तरी, कुठल्या तरी पानावर, एखादं भिकार यमक हात वर करायचंच. आणि चौथ्या सोमवारी, टँटी, मला तो सापडला. 'मंथ'! महिना! साधा, घरातला, लहान पोरांनाही येणारा शब्द, आणि त्याच्यासमोर कोशात लिहिलेलं की ह्याला तंतोतंत यमक नाही. खाली दोन-चार जवळपासची दिली होती, गरिबाला भीक घालावी तशी. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की लायब्ररीतल्या बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. मी ताठ मानेने गेलो.

येताना हायसिंथ म्हणाली, "काय लॉर्ड, आज फारच खुशीत? लग्न ठरलं की काय?" मी म्हणालो, "शनिवारी कळेल." मला तिची थोडी दयाच आली होती. थोडीच.

शनिवारी दुपारी टेंट गच्च भरला होता. (नावाला टेंट, छप्पर अजून तेच पत्र्याचं, आणि गळतंही अजून तिथेच, पाहुण्यांच्या खुर्चीवर.) परीक्षक मिस पॅस्कल, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीही हातात तीच शाळेतली छडी. नाणं उडवलं, पहिला शब्द द्यायचा मान माझा. मी टोपी सरळ केली, माइकजवळ गेलो आणि एखाद्या जजने शिक्षा सुनावावी तसा म्हणालो, "मंथ." अगदी कोशात लिहिलाय तसा, जिभेचं टोक दातांत धरून. मग हाताची घडी घालून उभा राहिलो आणि ती कधी रडते ते बघायला लागलो.

टँटी, तिने क्वात्रोचं एक आवर्तनसुद्धा जाऊ दिलं नाही. कमरेवर हात ठेवला आणि सुरू झाली. मी तुला जसंच्या तसं लिहून देतो, कारण प्रामाणिकपणा हा माझा दोष आहे:

गाडीत माझ्या लॉर्ड बसतो रोजच्या रोज, अख्खा मंट,
मागच्या सीटा रिकाम्या असोत, ह्याला हवी सदा फ्रंट;
उशीएवढ्या कोशात करतो यमकांची हा रोज हंट,
बायको मात्र मिळेना ह्याला वर्षाचे बाराही मंट!

पत्रे उडतील असं वाटलं. रामकिसून बाकावर चढून नाचत होता. त्याला तराजूचा राग अजून आहे. मी ओरडलो, "बंद करा! हे यमक खोटं आहे! कोश आणा!" मिस पॅस्कलने छडी आपटली. म्हणाली, "कथबर्ट, तुझी तक्रार काय आहे ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांग." मी रागाने म्हणालो, "मिस, मी त्या लायब्ररीतली बाकं झिजवलीत! ह्या एका शब्दासाठी मी माझा अख्खा मंट घालवलाय!"

टेंटमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग मागून कुठून तरी कुणाची तरी आजी म्हणाली, "हां, मंटच की. दुसरं काय म्हणणार?"

मला शपथेवर सांगायचं तर कळलंही नव्हतं. आईने मला जे शिकवलं, तिला तिच्या आईने जे शिकवलं, ते रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं. ह्या गावात जन्मल्यापासून एकाही माणसाने तो शब्द दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने म्हटलेला नाही. मी चार सोमवार कोश धुंडाळला, पण आपल्या तोंडात एकदाही डोकावून पाहिलं नाही. मिस पॅस्कलने वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "यमक तंतोतंत." टँटी, 'तंतोतंत' म्हणाली ती. तो शब्द माझा होता!

मग हायसिंथने मला शब्द दिला. मला वाटलं, आता सूड उगवेल. तर दिला काय? 'राँग'. चूक. ह्याला तर शंभर यमकं, साँग, लाँग, स्ट्राँग, सगळी माझ्या मुठीत, सगळी तोलून पारखलेली. मी पहिली ओळ गायली, "नऊ वर्षांत लॉर्ड एक्झॅक्ट एकदाही नव्हता राँग." आणि पुढची ओळ येईना. यमक नव्हतं म्हणून नाही. कुठलंही घेतलं तरी ते आता खरं होईना. क्वात्रो तीनदा फिरून आली. लोक चुळबुळायला लागले. शेवटी मी गायलो, "आज मात्र ह्या बाईने खरं गायलं साँग," आणि खाली उतरलो.

तर मी हरलो. पण लिहून ठेव, शेवटचं यमक निर्दोष होतं.

काकांना दिलेला शब्द मी विसरलो नाही. मी सगळ्यांदेखत टोपी काढली आणि हायसिंथपुढे धरली. तिने ती घातली. टोपी नाकापर्यंत खाली आली. तिने ती काढून मला परत दिली आणि म्हणाली, "नको बाबा. एवढं फुगलेलं डोकं गावात एकच आहे, तुम्हीच वापरा." तेव्हापासून टोपी टेबलावर आहे. मी घालत नाही आणि आत ठेवायलाही हात होत नाही. रविवारी रामकिसूनकडे छोल्यांचे डबल्स खायला गेलो तर म्हणाला, "लॉर्ड, तिखट तंतोतंत घालू, की जवळपास चालेल?" मी ताठ मानेने खाल्लं. तिखट फार होतं.

म्हणून तुला विचारतो, कारण काकांच्या मागे हक्क तुझाच: नाव अजून माझं आहे का? तू नाही म्हणालीस तर टोपी पुढच्या पार्सलने पाठवतो. तू हो म्हणालीस तरच ती परत डोक्यावर चढेल.

तुझा (तूर्त बोडका) भाचा,
कथबर्ट अलेन

ता.क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. कॅललूची पानं चिरताना तू जे गुणगुणायचीस ते आज सकाळी चर्चमध्ये, कपाळावर राख लावून घेताना, अचानक आठवलं. 'तुझ्या बापाच्या दारापुढे उभा राहिलो सहा मंट, मागल्या दारी कुत्रा होता, म्हणून आलो फ्रंट.' हे काकांनी तुला मागणी घालताना रचलं होतं ना? टँटी, म्हणजे काकांनी स्वतः! आणि त्यावर एक्केचाळीस वर्षांचा संसार! हे तुला आधीपासून माहीत होतं आणि तू मला नऊ वर्षं मिरवू दिलंस. खरं असेल तर मिस पॅस्कलला सांगू नकोस. तिला बहुतेक माहीतच असेल.

ता.क. २. आजपासूनचे उपास सुटले की हायसिंथ ईस्टरच्या रविवारी माझ्याकडे जेवायला येणार आहे. मीच बोलावलं. खेकडा घालून कॅललू आणि मॅकरोनी पाय करणार आहे. जेवणानंतर चार ओळी म्हणायचा विचार आहे, काकांनी तुला म्हटल्या तशा, आणि त्या तिच्या नावावर संपल्या पाहिजेत. कोशात हायसिंथला एकच यमक दिलंय, 'प्लिंथ', म्हणजे पुतळ्याखालचा चौथरा. चौथऱ्यावर कुठल्या बाईला मागणी घालणार? तुझ्या डोक्यात काही येतंय का बघ. अजून एक मंट आणि वर पंधरा-सोळा दिवस आहेत. तंतोतंत नसलं तरी चालेल. जवळपासचं पाठव.