एक रोल अण्णा

३ जानेवारी, शुक्रवार

काल ऑनलाइन व्याख्यान ऐकलं. हल्लीचे फोटोग्राफर काय काय करतायत ते बघून झोप उडाली. (व्याख्यान चालू असताना मधे थोडी लागली होती, ते वेगळं.) एकाने बारा वर्षं फक्त शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी काढल्या. एक बाई तिच्या आईचे हात काढते, दुसरं काहीच नाही. आणि मी? बाथरूम फिटिंगच्या कंपनीत कॅटलॉगसाठी नळ काढतोय. नळाच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, पण नळांचं प्रदर्शनही कुणी भरवणार नाही. लग्नाच्या मुलाला नोकरी लागते तसा फोटोग्राफरला आता स्वतःचा प्रोजेक्ट लागतो.

संकल्प: यंदा प्रोजेक्ट.

४ जानेवारी, शनिवार

सुचला. अण्णा!

आपले वडील, आपली बाल्कनी, त्यांची खुर्ची. दर रविवारी सकाळी साडेसहाच्या कोवळ्या उन्हात एकच फोटो. फिल्मवर. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणजे छत्तीस रविवार. मधे बघायचं नाही. मोबाइलवर काढायचा नाही, कुणाला काढू द्यायचा नाही. नाव: ‘प्रातःकाळ’.

सेकंडहँड कॅमेरा आणला. विकणारा रोल कसा भरायचा ते दाखवायला लागला. त्याला म्हटलं, अहो, इतकी वर्षं हेच करतोय. नळ डिजिटलवर काढतो हे सांगायची गरज वाटली नाही.

अण्णा एकदम खूश. टेक्निकल शाळेत सुतारकाम शिकवायचे, खुर्ची त्यांनीच केलेली. त्यांची अट एकच. छत्तीसातला एक तरी नीट काढ म्हणाले, हसरा, आईच्या फोटोशेजारी भिंतीवर लावता येईल असा. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा फोटो फक्त पेन्शनच्या कार्डावर आहे आणि त्यात ते फरार आरोपीसारखे दिसतात. म्हटलं, प्रोजेक्ट संपला की पहिला तोच.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११.४०

गजर झाला असावा.

अण्णा सहापासून खुर्चीत. अंघोळ, दाढी, भांग, इस्त्रीचा शर्ट. सगळं रद्द करावं लागलं. केस विस्कटले, जुना स्वेटर घालायला लावला. हसू नका म्हटलं, हल्लीच्या फोटोत कुणी हसत नाही. का, सगळ्यांच्या दाढा दुखतात का, असं त्यांनी विचारलं.

फ्रेम पहिली. प्रकाश दुपारचा, पण भाव सकाळचा आला आहे.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी १२.१०

फ्रेम दुसरी. पुढच्या रविवारपासून साडेसहा म्हणजे साडेसहा.

रोल पुढे सरकवायची कळ लोण्यासारखी फिरते. जुन्या वस्तूंची सर नव्यांना नाही. कळ ओढली की डावीकडची बारकी चकतीही फिरायला हवी, असं कुठेतरी वाचलं होतं. ती ढिम्म. जाम झाली असणार. तेलाचा थेंब टाकायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई आणि भावजी आले होते. भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढतात आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा असतो. मी त्यांना मनातल्या मनात अंगठेबहाद्दर म्हणतो. आज अण्णांचा काढायला निघाले, मी आडवा आलो. एकाच माणसाच्या प्रतिमांचा पूर आला की त्यातला माणूस वाहून जातो, असं समजावून सांगितलं. बरं, म्हणाले आणि चहा प्यायले.

ताई म्हणाली, अण्णांचा खोकला बरा वाटत नाही, डॉक्टरला दाखव. उद्याच दाखवतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नाही जमलं. कंपनीत नवा शॉवर आलाय.

१३ एप्रिल, रविवार

आजचा हुकला. मागचाही हुकला होता. मित्राकडे गेलो होतो, तिथे प्रोजेक्टविषयीच बोलत होतो, म्हणजे काम चालूच होतं. गैरहजेरी हासुद्धा प्रोजेक्टचा भाग आहे. आर्टिस्ट स्टेटमेंटमध्ये घालायचं.

अण्णा दोन्ही रविवारी सहापासून बसून होते म्हणे.

१ जून, रविवार. दुपारी १.००

फ्रेम विसावी. अण्णा बारीक झालेत. शेवटी ताईच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. फुप्फुसांचं काहीतरी आहे, गोळ्या दिल्यात, आणखी तपासण्या सांगितल्यात. पण गालांची हाडं वर आल्यामुळे बाजूचा उजेड काय सुंदर पडतो! मी हे अण्णांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे माझं आजारपण तुझ्या पथ्यावर पडलं म्हण की. मी हसलो. ते हसले नाहीत, नेमका तोच क्षण टिपला.

तेल राहिलं.

६ जुलै, रविवार

आज फोटो काढून झाल्यावर अण्णा आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. स्वतः शर्टला इस्त्री करून, भांग पाडून. आज तो नीटवाला काढून टाकू या का, असं विचारत होते. म्हटलं, अण्णा, रविवारी एकच फोटो, नियम आहे. ते म्हणाले, हो हो, नियम आहे. तसेच शर्ट घालून बाल्कनीत बसून राहिले.

वाईट वाटलं. पण नियम मोडला की प्रोजेक्ट कोसळतो. (साडेसहाचा नियम मुळात ढोबळ होता.)

३ ऑगस्ट, रविवार

एका मोठ्या प्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवल्यात. ऑक्टोबरअखेर मुदत. निवड झाल्यासारखीच आहे, इतरांकडे अण्णा नाहीत. स्टेटमेंट लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं: ‘माझे वडील हा काळाने सोडून दिलेला एक अवकाश आहे.’ अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि हे माझ्याबद्दल आहे का, असं विचारलं. चाळीस वर्षं सुतारकाम शिकवलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार.

२१ सप्टेंबर, रविवार

छत्तीस! आज रोल संपायला हवा होता. कळ अडायला हवी होती. अडली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सदतीस. रोल बनवणारी कंपनी पदरचं जास्त घालते असं दिसतंय. आजच्या काळात इतकी दानत बघून बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

अडतीस. अण्णांना आता खुर्चीपर्यंत धरून न्यावं लागतं. एका बाजूने मी, एका बाजूने ताई.

ताई स्वयंपाकघरात बोलावून बोलली. आवाज खाली ठेवून, म्हणजे रागावूनच. त्यांना एक साधा फोटो हवाय, म्हणाली, जानेवारीपासून मागतायत, तुला होत नसेल तर आमचे हे मोबाइलवर काढतील. म्हटलं, रोल मधेच काढता येत नाही. तो संपला की दुसऱ्याच दिवशी नवा रोल, इस्त्रीचा शर्ट, भांग, हसणं, सगळं. रविवारचीही वाट बघणार नाही. बाहेर येऊन हे अण्णांनाही सांगितलं. ते म्हणाले, तुझा रोल संपायच्या आत मीच संपतो की काय.

त्यांना विनोदाची पहिल्यापासून आवड.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.१५

एकोणचाळीस. आजवरचा सर्वांत लवकरचा फोटो. साडेसहा आता टप्प्यात आलंय.

ताईने त्यांचा भांग पाडून ठेवला होता. विस्कटायला गेलो आणि हात पुढे होईना. राहू दिला. प्रकाश मोजायचं यंत्र खाली पडलं, ते शोधायला वाकलो, त्यात पाच मिनिटं गेली. अण्णा काहीतरी बोलले, माझं लक्ष नव्हतं. भावजी आपले कडेला उभे राहून मोबाइलशी खेळत होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटल. कॅमेरा घेऊन गेलो होतो. नर्सने आत नेऊ दिला नाही. तक्रार करणार आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अण्णा गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

खुर्चीचा फोटो काढला. चाळीस. कळ अजून फिरते. काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा वाटलं. पण आज नको.

भिंतीवर लावायला फोटो हवा, ताई विचारत होती. म्हटलं, काळजी करू नकोस, आतमध्ये चाळीस आहेत. हवा तो निवड. (एक खुर्चीचा, हे नंतर सांगीन.)

२२ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी

लॅबवाला पट्टी घेऊन बाहेर आला आणि दिव्यासमोर धरली. सुरुवातीचा एक तुकडा काळाकुट्ट. बाकी सगळी कोरी, पलीकडचा त्याचा चेहरा दिसत होता. म्हणाला, फिल्मचं टोक आतल्या दांड्यात नीट अडकलंच नव्हतं, कळ नुसती रिकामी फिरत होती. रोल भरलात तेव्हा होता तिथेच आहे. जे काही काढलंत ते या एकाच तुकड्यावर पडलंय, एकावर एक. रोल भरायचा कसा हे दाखवताना विकणारे पहिली हीच गोष्ट सांगतात, असंही म्हणाला. डावीकडची चकती फिरत नव्हती का?

म्हटलं, तेल टाकायचं राहिलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पैसे घेतले नाहीत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

एका दृष्टीने हे जास्त चांगलं झालं. सगळे रविवार, सगळे अण्णा, एकाच इंचावर. अख्ख्या जगात असं कुणी केलं नसेल. काळा तुकडा मोठा करून तोच पाठवायचा. स्टेटमेंट तासाभरात लिहून झालं, एकदासुद्धा खाडाखोड नाही. इतकं सुंदर मी कधीच लिहिलं नव्हतं.

दुपारी ताईचा फोन आला, कुठला निवडायचा ते बघायला येते म्हणाली. मग सांगावं लागलं. ती म्हणाली, यांच्या मोबाइलवर एक आहे.

स्टेटमेंट परत वाचलं. पाठवलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.३०

आपोआप जाग आली. बाल्कनीत गेलो. ऊन खरंच कोवळं असतं या वेळी. खुर्चीच्या पाठीवरून हातांवर येतं. अण्णांना सगळे रविवार हे दिसत असणार.

संध्याकाळी ७.००

फोटो लावला. बारा तारखेचा आहे. अण्णांचा भांग नीट आहे आणि ते हसतायत, अगदी तोंडभर. पुढ्यात, फोटोच्या कडेला, एक वाकलेलं डोकं आलं होतं. जमिनीवर काहीतरी शोधणारं. अण्णा त्याच्याकडे बघून हसत होते. फ्रेमवाल्याने विचारलं, हे कुणाचं तरी टाळकं मधे आलंय, कापून टाकू का? म्हटलं, टाका.

आता भिंतीवर आईच्या शेजारी अण्णा, खाली कुठेतरी बघून हसतायत. ताई विचारत होती, कुणाकडे बघतायत गं बाई हे. भावजी म्हणाले, तेव्हा कोण होतं ते आठवत नाही. मी खिळा घट्ट बसलाय का ते बघितलं.

कोपऱ्यात भावजींचा अंगठा आहे. तो मात्र तसाच ठेवायला सांगितला. कापला असता तर अण्णांचा कान गेला असता.