कोबीच्या वाफ्यातले संत जोसेफ

प्रिय काका,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. दरवर्षी आजी तुला बी पाठवायची तेव्हा पत्ता माझ्याकडूनच घालून घ्यायची. पण आत पत्र पहिल्यांदाच आहे. तू घर सोडलंस तेव्हा मी तुझ्या खांद्यावर बसून रडण्याइतकीच होते, आणि तू ठेवलेलं 'किरकिरी' हे नाव अजून घरात चालतं. बाबांनी आजी गेल्याचं तुला फोनवर कळवलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तू 'बरं' म्हणालास आणि फोन ठेवलास. मला तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आता तो ओसरलाय, आणि आजीबद्दल तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

दफनाला चर्च गच्च भरलं होतं. वेदीवर तिचेच गुलाब होते. तुला आठवत असेल, दर शनिवारी ती बागेतली सगळ्यात देखणी फुलं कापून चर्चला न्यायची आणि आमच्या टेबलावर यायची ती अळीनं कुरतडलेली. आई एकदा म्हणाली, एखादं धड फूल आपल्यालाही राहू द्या. तर आजी म्हणाली, आपण रोज बागेत जाऊन बघतो, देवाला बिचाऱ्याला कुठे अंगण आहे? या वेळी गुलाब शेजारणींनी कापले, आणि हौसेपोटी कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. आजी शवपेटीतून उठून त्यांना रागावेल की काय, असं मला वाटत होतं.

तिचा एप्रन मी अजून धुतलेला नाही. खिशात जपमाळ आणि घेवड्याचं बी एकत्र आहे, नेहमीसारखं. तण उपटता उपटता ती जपमाळ म्हणायची, आणि मध्येच गोगलगाय दिसली की 'नमो मरिये' अर्धं सोडून तिला चार शब्द सुनावायची. मग जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू. पुण्य आणि खत यांत तिनं कधी फारसा भेद केला नाही. दोन्ही हातानंच घालावं लागतं, म्हणायची.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. देव न मानणाऱ्याला या घरात जागा नाही, असं आजोबा त्या दिवशी तुला म्हणाले, आणि तू बॅग उचलून गेलास. त्यांचं ते वाक्य तुला पाठ असणार. त्यानंतरची सकाळ मात्र तू पाहिली नाहीस. आजी उठली, बाहेरच्या खोलीतल्या फळीवरून तिच्या लग्नापासून तिथं उभे असलेले संत जोसेफ तिनं भोपळा उचलावा तसे काखेत घेतले आणि थेट कोबीच्या वाफ्यात नेऊन ठेवले. आजोबा चहा तसाच टाकून मागे धावले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळ येशू देवळात मागे राहिला आणि त्याची आई नि त्याला वाढवणारे हे सुतार जोसेफ त्याला तीन दिवस शोधत फिरले, ती गोष्ट तुलाही तिनंच सांगितली असेल. संतांसमोर उभी राहून ती म्हणाली, "तीन दिवस पोरगा दिसला नाही तर तुमची काय गत झाली होती, आठवा जरा." मग हात धुऊन चर्चमध्ये मिस्साला गेली.

आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला. तुला परत आणेपर्यंत तिनं संतांना घराबाहेर काढलं होतं. शेजारीपाजारी हसायचे. मूर्ती प्लॅस्टरची, पावसात तिचं नाक झिजून गेलं. नाक गेलं तरी कान शाबूत आहेत, मला तेवढे पुरेत, असं आजीचं उत्तर. नवे फादर समजवायला आले, की भाजीत संत ठेवणं बरं दिसत नाही. तिनं त्यांना तिथंच स्टुलावर बसवलं, सुताराच्या घरात येशू वाढला तेव्हा बाहेर भाजी नसेल का असं विचारलं, आणि जाताना हातात कोबी दिला. पुढे ते कुंपणाजवळून जाताना टोपी काढायचे.

आजोबा मात्र बरेच दिवस तिकडे फिरकले नाहीत. नाक गेलं त्याच आठवड्यात ते टेप घेऊन वाफ्यात उतरले, मूर्तीची मापं घेतली आणि चार खांबांवर छप्पर उभं केलं, एकही खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर. आईनं विचारलं तर म्हणाले, लाकूड उरलं होतं. काका, ते उरलेलं नव्हतं. स्वतःच्या जेवणाच्या टेबलासाठी त्यांनी ते वर्षानुवर्षं जपलं होतं. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसला नाही, ते तुला मी काय सांगायचं. त्यानंतर देवाघरी जाईपर्यंत रोज संध्याकाळी ते त्या छपराजवळ बसायचे.

तुला येणारं घेवड्याचं बी त्याच वाफ्याच्या कडेचं. सगळ्यात भरलेल्या शेंगा ती झाडावरच वाळू द्यायची, दाणे जुन्या चादरीवर पसरायची आणि पाकिटात घालण्याआधी मूठभर त्या बिननाकाच्या संतांसमोर धरायची. तू कधी पेरलंस की नाही, तिनं विचारलं नाही. मीच एकदा म्हटलं, काकाकडे मूठभर माती तरी असेल का? ती म्हणाली, बियाला घाई नसते.

शेवटच्या दिवसांत आम्ही तिची खाट खिडकीशी लावली होती. तिथून छप्पर दिसायचं. मी म्हटलं, आजी, आता पुरे झाली शिक्षा, आणू का त्यांना आत? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं या पोरीला शिकवून काय उपयोग झाला. म्हणाली, "शिक्षा कसली गं? माझं पोर बाहेर, आणि सगळे संत आत बसून काय करणार? त्याच्यासोबत कुणीतरी बापमाणूस हवा, म्हणून पाठवलं."

मी थक्क झाले. अजूनही त्यातून बाहेर आलेले नाही. ती संतांशी भांडतेय असं आम्ही समजत होतो, आणि तिनं तर घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस तुझ्यामागे धाडला होता. उन्हात ती त्यांच्या डोक्यावर आजोबांची जुनी टोपी घालायची, थंडीत गोणपाट गुंडाळायची, आणि आम्ही त्यावर विनोद करायचो. एवढा मोठा विश्वास माझ्या डोळ्यांसमोर, कोबीत, दिवसाढवळ्या उभा होता. मग त्यांना आत कोण आणणार, असं मी विचारलं. तिनं तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, काका तर काही मानत नाही. ती हसली. "उचलायला विश्वास कशाला लागतो? दोन हात लागतात."

दफन करून आल्यावर बाबा मूर्ती आणायला बागेत गेले. वाकले आणि तसेच रिकाम्या हातांनी परत आले. नळावर हात धूत मला म्हणाले, हे माझं काम नाही, लिही त्याला. म्हणून हे पत्र. फळी मी पुसून ठेवली आहे. घेवडा संतांच्या कमरेपर्यंत चढलाय, वेल तोडू नकोस, हळूच सोडव. आणि यंदा पाकिटात बी घातलेलं नाही. ते चादरीवर वाळतंय. हवं असेल तर येऊन घे.

तुझीच,
किरकिरी