नाव न घ्यायचं पुस्तक

८ सप्टेंबर

मिळालं! मुबीनभाई सकाळी झेंडू न्यायला टेम्पो घेऊन आले आणि क्रेटखालून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. "रद्दीत आलं, भाभी. फुलं बांधायला फाडायचं जिवावर आलं." पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. चार ओळी वाचल्या आणि कळलं — ते! भावाभावांच्या लढाईचं! शाळेत धड्यात आलं तेवढंच मला ठाऊक. अख्खं कधी हातातच पडलं नव्हतं.

आनंद उंबऱ्यापर्यंतच टिकला. सासूबाईंनी काठी आडवी घातली. "ते घरात नाय आणायचं! वाचलं का भांडणं लागत्यात. नाव बी घेऊ नको त्याचं."

बरं बाई, नाही घेत. इथेसुद्धा नाही लिहीत. पण भांडण लागायला माणसं एकमेकांशी बोलावी तर लागतात! हे आणि झुंबरभावजी — सख्खे भाऊ, दोन मळ्यांच्या मधे एक बांध — विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जे फुगले ते नऊ वर्षं एक शब्द नाही. आम्हा जावांनाही बोलायची बंदी. "एकदाचं बोलून मोकळे व्हा" असं मी म्हटलं होतं, तर हे ताटावरून उठले.

घरात नको ना? बांधालगतचं शेड कुठे घरात येतं!

९ सप्टेंबर

पित्तरांचे दिवस. फुलाला उठाव नाही, दुपार मोकळी. शेडात क्रेट उपडा घालून बसले ते उठलेच नाही. वेड लागलंय मला! जुनं म्हणे. कसलं जुनं? सगळी आपल्या गावचीच माणसं आहेत! जुगाराला नाही म्हणता न येणारा तो थोरला म्हणजे मोबाईलवर रमी खेळणारा माझा मावसभाऊच. कान भरणारा मामा तर दर लग्नात एक भेटतो. आणि ती डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली राणी! अगं बाई, सोड ती पट्टी आणि दे पोराला एक ठेवून! — हे मी मोठ्याने बोलले. कुत्रं उठून गेलं.

११ सप्टेंबर

मनात वाचलं की डोळा लागतो, म्हणून आज मोठ्याने वाचलं. थोड्या वेळाने बघते तर मनीषा, माझी धाकटी जाऊ, बांधाच्या अगदी कडेला येऊन खुरपतेय. तिथे तण नावाला नाही! मी मुद्दाम थांबले. ती खोकली. मी परत सुरू केलं. खुरपं बंद!

हसू दाबता दाबता माझं पोट दुखलं.

१२ सप्टेंबर

बांधावर चहाचा तांब्या. झाकलेला. गरम. आलं घालून — मला आवडतो तसा. लक्षात आहे तिच्या!

१५ सप्टेंबर

आज झुंबरभावजी फवारणीचा पंप घेऊन बांधावर बसले. पंप बिघडलाय म्हणे. अख्खी दुपार एकच नट पिळत होते, बिचाऱ्या नटाचा भुगा झाला असेल.

१७ सप्टेंबर

कमाल झाली! आज हेसुद्धा! "शेडचा पत्रा गळतोय" म्हणून हातोडी घेऊन वर चढले. ठोक ठोक चाललं होतं. मी वाचत वाचत जुगाराच्या डावाशी आले आणि ठोकणं थांबलं. पान उलटलं, तरी थांबलेलंच. खाली मी, वर हे, बांधावर ते दोघं. अख्खं घर एके ठिकाणी — आणि कुणी कुणाशी बोलायला तयार नाही! मला तर नाचावंसं वाटत होतं.

१९ सप्टेंबर

भाकरी थापताना सासूबाई म्हणाल्या, "परवा सर्वपित्री. औंदा बी एका बापाला दोन पानं. हिकडं एक, तिकडं एक. कावळ्यानं कुठं जायचं गं?" मी भाकरी तव्यावर टाकली. "मी मेल्यावर मला बी दोनच वाढत्याल."

तव्यावरची भाकरी करपली. मला रडू आलं, लपवलं नाही.

२० सप्टेंबर

आजचं एक अक्षर गाळायचं नाही. नीट लिहिते.

थोरल्याने धाकट्या भावांना डावावर लावलं, ते आज पुन्हा वाचलं. मुद्दामच! आणि बांधावरून झुंबरभावजी हवेलाच म्हणाले, "थोरला म्हणून काय झालं? धाकट्यांना इचारलं का?"

पत्र्यावरून आवाज आला — "निस्तरावं थोरल्यालाच लागतं. तुला काय माहीत!"

तुला! तुला म्हणाले!! नऊ वर्षांनी!

मग जे पेटलं! पुस्तक राहिलं बाजूला. विहीर, मोटार, पाइपलाइन, कुणाच्या पाळीला कुणी वाल्व्ह फिरवला — सगळं बाहेर. "तू मला घरी येऊन बोलला का?" "तू दार उघडं ठेवलं होतं का?" हे शिडीवरून उतरले, ते बांध ओलांडून आले, नाकाला नाक. मी आणि मनीषा क्रेटांमागे एकमेकींचे हात धरून हसतोय की रडतोय, आमचं आम्हालाच कळेना.

काठी टेकत सासूबाई आल्या. म्हटलं, आता माझी धडगत नाही. घरात भांडण लागलं आणि लावलं मी! पण त्या क्रेटवर टेकल्या, पदर सावरला आणि ऐकत बसल्या. चेहरा असा, जणू दारात सनई वाजतेय.

२१ सप्टेंबर

एकच पान वाढलं! ते पत्र्यावर कुणी ठेवायचं यावरून दोघांचं पुन्हा वाजलं. शेवटी दोघांनी मिळून धरलं. कावळा लगेच आला. मनीषाने माझ्या चुलीवर खीर केली. गोड जास्त झाली, पण सगळ्यांनी दोनदा घेतली.

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना, फुलाला उठाव. मुबीनभाईंना सगळं सांगितलं, म्हटलं, "तुमच्या रद्दीने घर सांधलं हो!" ते टेम्पोला टेकून हसत सुटले. "कसली रद्दी, भाभी! आजींनीच मागवलं. म्हणाल्या, सुनेला सांगू नको, मी नको म्हटलं का ती हमखास वाचती. आणि जाड बघून आण — पातळ पुस्तकानं ह्या दोघांचं भांडण व्हायचं नाय."